बाळंतपणाची बॅग : ती कोण उघडणार, याचा विचार करून भरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पहिलं बाळंतपण, ३३वा आठवडा चालू, तारीख ऑगस्टच्या शेवटाची. घर वाळपईच्या पुढे, नाव नोंदवलंय म्हापशातल्या खाजगी इस्पितळात. मोबाईलवर मिळालेल्या यादीत साठ-सत्तर वस्तू आहेत. सासूबाईंच्या यादीत मध, बाळगुटी, काजळ आणि चांदीचे वाळे आहेत. तुमची आई म्हणते, बाळ हातात येईपर्यंत काहीच आणू नये. मग न्यायचं काय आणि भरायचं केव्हा?

मी गोव्यात प्रसूती विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षं काम केलंय, आधी सरकारी इस्पितळांत आणि नंतर खाजगीत. बॅगेत काय कमी पडलं यामुळे फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बॅग भरते बाळंतीण, आणि उघडते दुसरीच कुणीतरी. आम्ही दारातून हाक मारतो, ‘बाळाचं दुपटं आणि टोपी द्या’, आणि बाहेर नवरा किंवा आई भल्या मोठ्या बॅगेतली एकेक वस्तू बाकावर काढून ठेवत असते. दुपटं तळाशी असतं, टोपी गाऊनच्या घडीत. ज्या बाईला सगळं ठाऊक आहे ती त्या वेळी टेबलावर कळा देत असते. म्हणून काय न्यायचं यापेक्षा, कोणती वस्तू कोणत्या घडीला आणि कुणाच्या हातानं निघणार, हा विचार आधी करा. यादी त्यातूनच तयार होते, आणि पुष्कळ लहान होते.

दुसरी गोष्ट, आई आणि बाळ एकाच खोलीत राहतील असं धरून चालू नका. बहुतेक वेळा राहतात. पण बाळ वेळेआधी आलं, श्वास जोरात घेऊ लागलं किंवा साखर कमी झाली तर ते नवजात अतिदक्षता विभागात जातं आणि आई वॉर्डात असते. कधी तालुक्याच्या किंवा छोट्या खाजगी इस्पितळातून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पाठवावं लागतं. अशा वेळी रुग्णवाहिकेत एकच माणूस सोबत बसतं आणि बाकीचे मागून गाडीनं येतात. सगळं एकाच बॅगेत असेल तर ती नेमकी नको त्या गाडीत जाते. म्हणून सामानाचे तीन भाग करा : कागदांची पिशवी, बाळाची पिशवी आणि तुमची बॅग. तिन्ही वेगवेगळ्या उचलता आल्या पाहिजेत. तीन रंगांच्या असल्या तर आणखी चांगलं. ‘लाल पिशवी द्या’ म्हटलं की कुणालाही समजतं.

कागदांची पिशवी सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती आजच भरून ठेवा. पहिल्या महिन्यापासूनची फाईल, सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी आणि व्हीडीआरएलचे (सिफिलिसच्या तपासणीचे) रिपोर्ट, आरोग्य केंद्रातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड. तुमचं आणि नवऱ्याचं आधारकार्ड, दोन-तीन झेरॉक्स. विमा असेल तर पॉलिसीची प्रत, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तेही. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत रक्तगट, चालू असलेली औषधं, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आणि दोन नातेवाइकांचे फोन नंबर लिहा. मोबाईलची बॅटरी संपते. कागद संपत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो लाल शाईनं लिहा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर तुम्हाला ७२ तासांच्या आत अँटी-डी (पुढच्या खेपेच्या बाळाला जपणारं) इंजेक्शन मिळायला हवं, आणि ही आठवण करून देणारा कागद घरच्यांच्या हातात असलेला बरा. निगेटिव्ह गटाचे रक्तदाते पटकन मिळत नाहीत, तेव्हा ओळखीतल्या दोघांची नावं लिहून ठेवा.

फाईल मोठ्या बॅगेत ठेवू नका. जी व्यक्ती तुमच्यासोबत आत येणार तिच्या खांद्यावर ती असली पाहिजे. दारातच डॉक्टर पहिली मागतात ती फाईल. शेवटच्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) कुठे आहे आणि बाळ उलटं आहे की सुलटं, हे त्यांना एका नजरेत दिसतं.

सोबतीची व्यक्ती आत्ताच ठरवा. सरकारी इस्पितळांत प्रसूती कक्षात सहसा एका बाईला सोबत राहू देतात, आणि वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत. खाजगीत नवऱ्याला आत घेतात, पण सगळीकडे नाही. नवरा कितीही जबाबदार असला तरी रात्री दोन वाजता बॅग उघडणारी आई, सासू, बहीण किंवा जाऊबाई असेल. जी कोणी असेल तिच्यासमोर बॅग भरा. निदान एकदा तिच्याकडून सगळं काढून परत ठेवून घ्या. शंभर याद्या करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आता बाळाची पिशवी. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो.

तुमची आई म्हणते आधी काही आणू नये, त्याचा मान राखता येतो. आपल्याकडे बाळाला पहिले कपडे वापरलेले, दुसऱ्या बाळाच्या अंगावरचे घालायची पद्धत आहेच, आणि ती चांगली आहे. चार-सहा वेळा धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं, त्यातली खळ निघून गेलेली असते. नणंदेच्या किंवा चुलतबहिणीच्या बाळाची झबली मागून घ्या. नवं काही विकत घ्यायचं नाही, तर आईचंही मन राहतं.

मात्र एक गोष्ट कटाक्षानं पाळा. असे जुने कपडे बहुतेक वेळा ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून ठेवलेले असतात. गोव्याच्या दमट हवेत बुरशी आणि कसर लागू नये म्हणून हे घरोघरी करतात. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं, ते कपड्यांत मुरतं आणि बाळाच्या श्वासातून व त्वचेतून शरीरात जातं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. बाहेरून ते कळत नाही. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ झपाट्यानं चढते. म्हणून ट्रंकेतून काढलेला प्रत्येक कपडा साध्या साबणानं दोनदा धुवा, कडक उन्हात दोन-तीन दिवस टाका, आणि तरीही वास येत असेल तर तो इस्पितळात नेऊच नका. गोधडी आणि शाल यांनाही हाच नियम. ऑगस्टात ऊन मिळणं कठीण, तेव्हा हे काम पावसानं उघडीप दिली की लगेच उरका. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आता किती न्यायचं? चार-पाच पुढून बांधायची झबली, तीन सुती टोपडी, दोन जोड पायमोजे, चार-पाच दुपटी. डोक्यावरून घालायचे कपडे नकोत. ताज्या बाळाची मान धरून झबलं डोक्यातून घालणं पहिलटकरणीला जमत नाही, आणि हाताला सलाईनची सुई असेल तर मुळीच नाही. बटणं, टिकल्या, लेस, मोती असलं काही नको. जन्मल्याबरोबर लागणारा संच वेगळा बांधा : एक मोठं मऊ टॉवेल, दोन दुपटी, एक टोपडं, एक झबलं, एक लंगोट. हा संच स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि वर मार्करनं ‘जन्मल्यावर लगेच’ असं लिहा. आम्ही बाळाला आधी पुसून कोरडं करतो, आईच्या उघड्या छातीवर ठेवतो आणि वरून दुसरं कोरडं दुपटं घालतो. ओल्या डोक्यातून बाळाची ऊब भराभर जाते, म्हणून टोपडं तेव्हा हवं, वॉर्डात गेल्यावर नव्हे.

लंगोटांचा हिशेब ऋतूवर ठरतो. फेब्रुवारीत मी डझनभर पुरे म्हणाले असते. ऑगस्टात वीस तरी हवेत, कारण धुतलेला लंगोट वाळपईत काय आणि म्हापशात काय, दोन दिवस वाळत नाही. अर्धवट ओला लंगोट इस्त्री करून वाळवायला घरी ठीक आहे, इस्पितळात ते होत नाही. ओलसर कापडानं जांघेत बुरशीचं पुरळ येतं. म्हणून पावसाळ्यात लहान आकाराच्या तयार डायपरचं एक छोटं पाकीट न्या. रात्री ते वापरा, दिवसा लंगोट. मोठं पाकीट आधी घेऊ नका. बाळ वजनदार निघालं तर लहान आकार लवकर अपुरा पडतो.

लंगोट मोजून नेण्याचा आणखी एक फायदा आहे. पहिल्या दिवशी बाळानं एकदा तरी लघवी केली पाहिजे, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा त्याहून जास्त ओले लंगोट व्हायला हवेत. दूध पुरतंय की नाही याचं घरच्यांना कळणारं सगळ्यांत खात्रीचं माप हेच. पहिले एक-दोन दिवस शी काळी, डांबरासारखी चिकट असते. तिला घाबरायचं नाही. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस आणि थोडं खोबरेल तेल पुरतं. सुगंधी ओले टिश्यू लागत नाहीत.

साबण, शाम्पू, पावडर, लोशन असा भेटवस्तूचा डबा घरीच राहू दे. बाळाला निदान पहिले २४ तास अंघोळ घालायची नसते, त्यामुळे इस्पितळात त्यातलं काही उघडणारच नाही. पावडर तर घरीही नको, ती श्वासात जाते. नाळेला काही लावायचं नसतं, हळद नाही आणि तेलही नाही. ती कोरडी ठेवली की आपोआप गळते. एक लहान मच्छरदाणी मात्र आठवणीनं न्या. पावसाळ्यात डासांचा त्रास असतो, आणि इतक्या लहान बाळाजवळ कॉइल किंवा मलम वापरता येत नाही.

सासूबाईंच्या यादीबद्दल. त्यांचं मन दुखवायचं नाही हे मला समजतं, आणि दुखवायची गरजही नाही. पण मध आणि गुटी बॅगेत जाता कामा नये. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत. वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढतात आणि विष तयार करतात, त्यानं बाळ ढिलं पडतं, दूध ओढायचं थांबतं, श्वासही अडू शकतो. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटही नाही. गुटी उगाळताना सहाण, पाणी, हात यांची स्वच्छता इस्पितळात राखता येत नाही, आणि पोटात कोणता घटक किती गेला याचं मापही नसतं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. काजळात शिसं असू शकतं. वाळे आणि घट्ट काळा दोरा सुजलेल्या मनगटाला काचतात, आणि तिथेच इस्पितळाची ओळखपट्टी बांधलेली असते. ती पट्टी घरी जाईपर्यंत कुणीही काढायची नाही. वाळे बारशाला घाला, तेव्हा शोभतीलही.

हे सगळं तुम्ही सांगू नका. पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या आणि डॉक्टरांना किंवा सिस्टरना त्यांच्यासमोर विचारा. एक काम मात्र त्यांच्याकडेच सोपवा : बाळंतिणीचं खाणं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली की त्यांच्या हातची गरम पेज, थोडं तूप, मऊ भाजी यासारखं दुसरं काही नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू घरी आल्यावर. ज्या सासूबाईंना असं काम मिळतं त्या गुटीचा हट्ट फार धरत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

दुधाची बाटली आणि पावडरच्या दुधाचा डबा ‘असू दे, लागला तर’ म्हणून बॅगेत टाकू नका. यावर माझं मत ठाम आहे. दुसऱ्या रात्री बाळ दर अर्ध्या तासानं उठतं, रडतं, पुन्हा पुन्हा ओढायला बघतं. हे बहुतेक निरोगी बाळांचं होतं, दूध उतरवण्याची ती त्यांची रीत आहे. पण त्या रात्री बॅगेत डबा असला की दमलेल्या घरात कुणीतरी तो उघडतंच. बाळ त्यानं झोपतं, छातीला ओढणं कमी होतं आणि दूध मागे राहतं. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं, आणि पहिल्या दिवसांचा घट्ट पिवळा चीक नेमका तेवढाच येतो. जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीला लागलं पाहिजे, हे सोबतच्या बाईनं सिस्टरना आठवण करून द्यावं. सिझेरियन झालं तरी पुष्कळ वेळा ते जमतं. काही बाळांना वरचं दूध खरंच लागतं. ते डॉक्टर सांगतात आणि तेव्हा ते दुकानातून आणता येतं. बाटलीऐवजी स्टीलची एक लहान वाटी आणि चमचा उकळून, पुसून, झाकणाच्या डब्यात न्या. बाळ दुसऱ्या विभागात ठेवलं तर हातानं पिळलेला चीक त्यातून देता येतो. ब्रेस्ट पंप आधी विकत घेऊ नका, लागला तर बघता येईल.

आता तुमची बॅग. तिचे दोन भाग. कळा चालू असताना लागणाऱ्या वस्तू वरच्या कप्प्यात : नळी असलेली पाण्याची बाटली, कारण कुशीवर पडून पेला धरता येत नाही, केसांचे दोन रबर, ओठांना लावायला साधं व्हॅसलीन, लहान नॅपकिन, चष्मा, लेन्स वापरत असाल तरी. कळांमध्ये काय प्यायचं-खायचं ते तिथल्या डॉक्टरांना विचारून, घरून मनाप्रमाणे नाही. थायरॉइडची, रक्तदाबाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर ते सोबत न्या, पण पोचल्याबरोबर सिस्टरच्या हातात द्या.

दागिने घरी. मंगळसूत्र, पाटल्या, नथ, जोडवी, सगळंच. सिझेरियन ठरलं तर पाच मिनिटांत सगळं काढावं लागतं. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, अंगावर धातू चालत नाही. हात सुजलेले असतात, बांगड्या निघत नाहीत, मग साबण लावून ओढाव्या लागतात आणि बाई रडते. नवव्या महिन्यात एखाद्या निवांत दुपारी सगळं काढून ठेवा. मंगळसूत्र अजिबात काढायचं नसेल तर काळ्या पोतीचं, धातू नसलेलं साधं काही घाला, आणि तेही काढावं लागेल अशी मनाची तयारी ठेवा. नखांचा रंग पुसून टाका, बोटाला लावायचं प्राणवायू मोजणारं यंत्र त्यावरून नीट वाचत नाही.

बाळंतपणानंतर तीन पुढून उघडणारे सुती गाऊन, गडद रंगाचे. कमरेच्या वर येणाऱ्या सैल सुती निकर सहा-सात, त्याही गडद. पोटावर टाके पडले तर नेहमीच्या निकरचं इलॅस्टिक बरोबर टाक्यांवर बसतं. लांब, जाड पॅडची दोन पाकिटं. पहिले दोन-तीन दिवस अंगावरून पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, हे पहिलटकरणीला कुणी सांगितलेलं नसतं. पण एका तासात पूर्ण पॅड भिजलं, किंवा लिंबाएवढी गाठ पडली, तर लगेच सिस्टरना बोलवा. संकोच करू नका, पॅड फेकूही नका, दाखवा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ही आम्हाला सगळ्यांत जास्त धास्ती वाटणारी गोष्ट आहे, आणि ती वेळेत कळली की आवरता येते.

दूध पाजायच्या ब्रा दोन, आताच्या मापापेक्षा एक माप मोठ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरतं तेव्हा माप बदलतं, म्हणून जास्त घेऊ नका. रबरी तळाच्या चपला, ज्या न वाकता पायात जातात. पावसाळ्यात न्हाणीघराची फरशी कायम ओली असते आणि पहिल्यांदा उठताना चक्कर येते, त्या वेळी सोबत कुणीतरी हवंच. टाके धुवायला एक लहान मग किंवा तोंडातून धार निघणारी बाटली. टॉवेल दोन, अंघोळीचं सामान नेहमीचं. घरी यायचा कपडा सहाव्या महिन्यातल्या मापाचा ठेवा. पोट लगेच आत जात नाही आणि त्यात काही चुकीचं नाही. पोटपट्टा डॉक्टर म्हणाले तरच.

सामान तीन दिवसांचं भरा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातली जवळजवळ ४० टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसतात, म्हणजे दहांतल्या चौघींना चार-पाच दिवस राहावं लागू शकतं. त्यासाठी जास्तीचे कपडे दुसऱ्या पिशवीत भरून घरच्या कपाटात ठेवा, लागली तर कुणीतरी आणेल. वॉर्डातल्या खाटेजवळ एकच छोटं कपाट असतं, त्यात मोठी सुटकेस मावत नाही.

सोबतीच्या बाईसाठीही थोडं भरा. एक साडी किंवा ड्रेस, चादर, तिची स्वतःची औषधं, लांब वायरचा चार्जर, सुकं खाणं, आणि रोख पैसे, त्यात दहा-वीस-पन्नासच्या नोटा. पावसात वीज जाते, नेटवर्क जातं, मग फोनवरून पैसे देणं बंद पडतं. सगळं सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून मग बॅगेत ठेवा. गाडीतून दारापर्यंत जातानाच बॅग भिजते.

पुढच्या तपासणीला इस्पितळात एवढं विचारून घ्या : बाळाचे कपडे आणि गाऊन तुम्ही देता का, पॅड-डायपर कोण आणणार, रात्री कोणत्या दारानं यायचं, आगाऊ रक्कम किती, विम्याचे कागद कुणाकडे द्यायचे, बाळाला गरज पडली तर नवजात अतिदक्षता विभाग इथेच आहे की दुसरीकडे पाठवता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहूनच घ्या. सरकारी इस्पितळात जाणाऱ्यांसाठी : २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. तेव्हा औषधं, हातमोजे असलं काही आधी विकत घेऊन बॅगेत भरू नये.

भरायचं केव्हा? तुम्ही ३५वा आठवडा संपायच्या आत. जुळी असतील, रक्तदाब असेल, आधीचं सिझेरियन असेल त्यांनी ३२व्यालाच. आणि तुमच्या बाबतीत बॅगेइतकाच विचार रस्त्याचा करा. वाळपईहून साखळी-डिचोलीमार्गे म्हापसा म्हणजे भर पावसात रात्रीचा तास-सव्वा तास. कुठे झाड पडलं असेल, कुठे पाणी चढलं असेल. दिवस चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आसपासचे आहेत. तेव्हा टॅक्सीवाला गावी गेलेला असतो, दुकानं बंद, शेजारीपाजारी आपापल्या मूळ घरी. दोन गाड्यांचे नंबर ठरवून ठेवा आणि त्यांना आधी सांगून ठेवा. १०८ची रुग्णवाहिका तर आहेच. म्हापशाकडे कुणी जवळचं नातेवाईक असेल तर ३८व्या आठवड्यापासून तिथे राहायला जाणं मला जास्त पटतं. दिवाडीसारख्या फेरीबोटीवर अवलंबून असलेल्या गावच्या बायकांनाही मी हेच सांगत आलेय. वाटेत त्रास वाढला तर म्हापसाच गाठायचं असा हट्ट नको. वाळपईचं सामुदायिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर तिथे थांबा, ते तपासून पुढे पाठवतील.

निघायचं कधी हेही बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना माहीत राहील. पहिल्या खेपेला कळा दर पाच मिनिटांनी, एकेक मिनिटभर टिकणाऱ्या, आणि तास झाला तरी तशाच येत असतील तर निघा. तुमचं अंतर पाहता दहा मिनिटांवर आल्या की फोन करा. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघा, वेळ लिहून ठेवा, स्वच्छ पॅड लावा, आणि पाण्याचा रंग पाहा. हिरवट किंवा रक्ताळ असेल तर एक मिनिटही थांबू नका. बाळाची हालचाल कमी वाटली, रक्त गेलं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ३७ आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या, तर बॅग तयार नसली तरी चालेल. कागदांची पिशवी उचला आणि निघा.

राहिलं घरी यायचं. बाळाला घेऊन स्कूटरवर येऊ नका, अंतर कितीही कमी असलं तरी. गाडी ठरवा, शक्य असेल तर मागच्या बाजूला तोंड असलेली बाळाची सीट बसवून घ्या. सरकारी इस्पितळातून घरी सोडायची गाडी मागता येते. निघण्याआधी डिस्चार्जचा कागद वाचून घ्या. बीसीजी, पोलिओचा पहिला डोस, कावीळ बीची लस आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन यांची नोंद त्यात आहे का बघा, पुढच्या तारखा विचारा.

जन्मनोंदणीचा अर्ज इस्पितळातच भरला जातो. नोंदणी २१ दिवसांच्या आत आणि बाळ जिथे जन्मलं तिथल्या निबंधकाकडे होते, म्हणजे तुमची म्हापशाला, वाळपईला नाही. तुमचं आणि नवऱ्याचं नाव आधारकार्डावर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं, घरी एका कागदावर आधी लिहून कागदांच्या पिशवीत ठेवा, कारण तो अर्ज भरताना तुम्ही कदाचित झोपलेल्या असाल आणि लिहून देणारा दुसराच कुणी असेल. बाळाचं नाव ठरलं नसलं तर तो रकाना रिकामा सोडता येतो, बारशानंतर नाव घालून घ्या.